चहा ठेव

वसंतामामाच्या अंगाला वार्निशचा वास यायचा. आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तो लग्नाला निघाला तरी यायचा. अमरावतीत बडनेरा रोडवर त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. मोटारी म्हणजे विहिरीवरच्या, बोअरमधल्या, पाणी उपसायच्या. वीज कमीजास्त झाली की त्या जळतात. मग भातकुलीकडून, नांदगाव खंडेश्वरकडून माणसं त्या पोत्यात गुंडाळून, मोटरसायकलला मागे बांधून आणायची. मामा आतली जळकी तार उपसून काढायचा, नवी तांब्याची तार भरायचा आणि शेवटी सगळ्याला वार्निश पाजायचा. ते वार्निश त्याच्या नखांत आणि केसांत कायमचं जाऊन बसलं होतं. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोल्याहून त्यांच्याकडे जायचो, तेव्हा दारात आधी तो वास यायचा आणि मागून मामा.

माणूस मोठा हौशी. भरून झालेली मोटार चालू केली की तो डोळे मिटून तिच्याकडे कान लावायचा. घाईला आलेलं गिऱ्हाईक चुळबुळ करायला लागलं की म्हणायचा, "थांबा ना भाऊ, बोलू द्या तिले. मोटार खोटं बोलत नाई. मानूस बोलते." मग दोघांसाठी चहा मागवायचा. चहावर त्याचा भारी जीव. बशीत ओतून, फुंकर न घालता, पहिला घोट तोंडात धरून ठेवायचा आणि मान हलवायचा, गाण्यातली जागा आवडल्यासारखी. संध्याकाळी मन झालं की मला आणि मीनलला स्कूटरवर घालून गिला वडा खायला न्यायचा. मीनल म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, माझ्याहून थोडी लहान. ती पुढे उभी, मी मागे, आणि मामा मधे मोठमोठ्याने गात.

आमच्या वऱ्हाडात मामाने भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. मी पोहोचलो की मामा घमेल्यात हात धुऊन वाकायचा. मला भयंकर लाज वाटायची. मात्र प्यायलेला असला की तो दिवसातून चारचारदा पडायचा, आणि शेवटच्या वेळी तिथेच बसून रडायचा. "भाचे, तुमचा मामा वाईट मानूस हाये का? खरं सांगा." काय सांगणार? चांगला माणूस होता तो. त्याच संध्याकाळी बायकोला रडवणारा चांगला माणूस.

तर मामा प्यायचा. रोज नाही. रोज पिणाऱ्याची निदान सवय होते. मामाचे आठवडा-पंधरा दिवस कोरडे जायचे, घर जरा सैल व्हायचं, मामी गुणगुणायला लागायची, आणि मग एखाद्या संध्याकाळी तो यायचा तो घेऊनच. झोकांड्या वगैरे सुरुवातीला नसायच्या. स्कूटर नीट लावायचा, चपला जोडीने ठेवायचा. पोटात दोन घास गेले की तो झोपी जायचा. पण ताट यायला उशीर झाला तर बोलायला लागायचा. आणि मामाचं बोलणं मारण्याहून वाईट होतं. हात त्याने कधी कुणावर उचलला नाही, हे मामी अभिमानाने सांगायची. कशाकशाचा अभिमान धरावा लागतो माणसाला.

मामीला वास येत नसे. लहानपणी नाकाचं काही दुखणं झालं, तेव्हापासून ते गेलं ते गेलं. भाजी करपली तर शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची, "अवं, लागलं तुहं!" तेव्हा मामी धावायची. नवरा पिऊन आलाय की कोरडा, हे तिला त्याने तोंड उघडेपर्यंत कळायचं नाही, आणि तोपर्यंत उशीर झालेला असायचा. "तुले नाकच नाई, तं इज्जत कुठून असन?" असं तो तिला म्हणायचा. तिच्या माहेरच्यांचं नाव काढायचा. सकाळी त्याला यातलं काही आठवत नसे, आणि मामीला सगळं आठवायचं.

म्हणून नाकाचं काम मीनलकडे आलं. ती पाचवीत असेल तेव्हा. स्कूटरचा आवाज आला की ती हातातलं टाकून उठायची, गडवा भरायची आणि दारात जाऊन उभी राहायची. मामा चपला काढायला वाकला की तीही वाकायची, पाणी द्यायच्या निमित्ताने. सगळा खेळ त्या क्षणाचा. अवघड अशासाठी की मामाला वार्निशचा आडोसा होता. कुणी नाक मुरडलं तर तो हसत म्हणायचा, "वार्निश हाये वो ते, आपला धंदाच तसा." मोठ्यामोठ्यांना त्यातलं वेगळं काढता यायचं नाही. मीनलला यायचं. मग ती घराकडे तोंड करून दोनपैकी एक वाक्य म्हणायची.

"आई, चहा ठेव." म्हणजे बाबा नीट आहेत.

"आई, ताट वाढ." म्हणजे घेऊन आलेत, भाकर पुढे कर, बोलू नको.

मला हे कळायला एक अख्खी सुट्टी लागली. कधी चहा, कधी एकदम जेवण, हे या घराचं काय तंत्र आहे, म्हणून मी मीनलला विचारलं. ती म्हणाली, "तुले काय करायचं हाये?" आणि सागरगोट्या खेळत राहिली. मग थोड्या वेळाने स्वतःच सांगितलं, अगदी साध्या आवाजात, शाळेत फळा पुसायचं काम आपल्याकडे आहे असं सांगावं तसं.

मीनलला पाहायला अकोल्याहून पाहुणे आले, तेव्हाची गोष्ट आमच्या नात्यात बरेच दिवस हसून सांगत. हसणाऱ्यांना आतली गोम माहीत नव्हती. मामाने आठवडाभर आधी देवावर हात ठेवून त्या दिवशी न पिण्याचं कबूल केलं होतं. दुपारी पाहुणे बैठकीत बसले, मीनल साडी सावरत पोह्यांचा ट्रे घेऊन निघाली, आणि मामा बर्फी आणायला गेला होता तो दारातून आत आला. ती त्याच्या जवळून गेली. थांबली. मग शांतपणे आत पाहून म्हणाली, "आई, बाबांना ताट वाढ."

मुलाची आई म्हणाली, "आता कुठलं जेवन वो? चहा होऊ द्या ना."

सगळ्यांत मोठ्याने मामाच हसला. आणि मग मुकाट्याने स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसला. मी आत पाणी आणायला गेलो तर तो खाली मान घालून जेवत होता, आणि मामी पदराने डोळे पुसत त्याला वाढत होती. बाहेर मीनल पाहुण्यांना आपल्या बी.एड.बद्दल सांगत होती. त्या पोरीने त्या दिवशी घराचं नाक राखलं, स्वतःच्या नाकाने.

जमलं ते लग्न. जावई म्हणजे सोन्यासारखा माणूस, अकोल्याला शाळेत गणित शिकवतो, सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही. पण लग्नानंतर वर्षभराने एकदा मी त्यांच्याकडे बसलो असताना तो शाळेतून आला, आणि मी पाहिलं, मीनल गडवा घेऊन दारात गेली आणि वाकली. जावई थांबून राहिला, तिचं होईपर्यंत. नंतर ती आत गेल्यावर मला म्हणाला, "आधी राग येत होता. आता सवय झाली. तिले सोताले मालूमच नाई ती असं करते म्हून."

मीनलने मग एक केलं. तिला मुलगी झाली, ओवी, तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी गेलीच नाही. मामीच अकोल्याला आली. मामा बारशाला आला, बाळाला हात लावायला पुढे झाला, तर मीनलने बाळ उचलून सासूकडे दिलं. मामा प्यायलेला नव्हता. पण तिने वाकून पाहिलंही नाही. "मले कंटाळा आला," एवढंच ती मला म्हणाली. बिनधास्त भांडणारी पोर, आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून कंटाळा शब्द ऐकला.

पुढे मामी आजारी पडली, म्हणून मीनलला अमरावतीला जाणं भाग पडू लागलं, आणि सोबत ओवी. चार वर्षांची. पोरं काय बघतात आणि काय साठवतात, देवाला ठाऊक. मीही त्या दिवशी मामीला बघायला गेलो होतो. स्कूटर वाजली. मीनल आत मामीला औषध देत होती. ओवी उठली. मोरीतून पेला भरला, निम्मा सांडला, आणि दारात जाऊन उभी राहिली. मामा चपला काढायला वाकला. ओवीने टाचा उंच करून आपलं इवलंसं नाक त्याच्या तोंडाशी नेलं, फसकन वास घेतला आणि घराकडे वळून ओरडली, "आजी, चहा ठेव!"

मामा त्या दिवशी भरपूर घेऊन आला होता. मी दोन हातांवर बसलो होतो, मला तिथवर वास येत होता. ओवीला चहाचं आणि ताटाचं काय माहीत? तिला फक्त खेळ माहीत होता.

मामा उंबऱ्यावरच बसला. मीनल धावत बाहेर आली तेव्हा त्याने विचारलं, "हे तू शिकवलं तिले?"

"मी नाई शिकवलं बाबा. तुमी शिकवलं."

मामाने हातातली चप्पल खाली ठेवली. मग म्हणाला, "मले मालूम होतं वो माय. तू पाचवीत होती, तवापासून मालूम होतं. ताट वाढ म्हटलं का मी मुकाट जेवत होतो का नाई? कावून जेवत होतो? तू सांगतलं म्हून."

मला तेव्हा पहिल्यांदा मामाचा खरा राग आला. माहीत होतं आणि तरी वर्षानुवर्षं त्या पोरीला दारात उभं केलं! आणि तो राग पुरता यायच्या आत तो रडायला लागला. पायावर कुणाच्या पडला नाही. नुसता उंबऱ्याला धरून रडला.

त्यानंतर मामाने सोडली. किती जणांनी सोडल्याचं ऐकतो आपण, आणि ऐकताना आतल्या आत हसतो. मीही हसलो. पण पावसाळा गेला, दिवाळी गेली, हुरड्याचे दिवस आले, मामा कोरडाच. हात थरथरायचे, तार हातातून सुटायची, चिडचिड करायचा, पण घ्यायचा नाही. मीनल महिन्यातून दोनतीनदा अकोल्याहून यायला लागली. पहिल्या वेळी सवयीने ती गडवा घेऊन वाकली, तेव्हा मामाने तिच्या कपाळावर बोट ठेवून तिला थांबवलं.

"आता नाक नको लावू, माय. मले पाहून सांग."

तिने ते कबूल केलं. मग हा नवाच सोहळा सुरू झाला. मामा दारात दोन्ही हात बाजूला सोडून सरळ उभा राहायचा, शाळेत गणवेश तपासायला उभं राहावं तसा. मीनल त्याला खालून वर बघायची. ओवी खिदळायची. आणि मीनल म्हणायची, "आई, चहा ठेव." त्यावर मामाच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी दुसऱ्या कुणा माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. तो चहा तो बशीत ओतून इतका सावकाश प्यायचा की मामी म्हणायची, "तुमचा चहा होते तवर माह्या संध्याकायचा सयंपाक होते." मामी पुन्हा गुणगुणायला लागली होती.

मग तो मे महिना आला. त्या दिवशी मी तिथे नव्हतो. हे मीनलने सांगितलेलं आहे, एकदाच, आणि पुन्हा कधी काढू नको म्हणून बजावून.

ऊन मी म्हणत होतं. मीनल ओवीला घेऊन अमरावतीला आलेली होती. एका गिऱ्हाइकाची मोटार द्यायची होती म्हणून मामा सुट्टीच्या दिवशीही दुकानात गेला होता. दिवस मावळायला आला तरी स्कूटरचा आवाज नाही. मग मीनलने खिडकीतून पाहिलं तर मामा पायी येत होता. भिंतीला धरून. एका पायात चप्पल, दुसरी मागे रस्त्यात पडलेली. सदऱ्याच्या गुंड्या वरखाली. दारात आला आणि सरळ उभा राहायला गेला, तर एका बाजूला कलला. तोंड वाकडं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ.

"मी... नाई..." तो म्हणाला. जीभ जड. "मी... नाई..."

मीनलने त्याला पाहिलं. नाक लावायचं नाही असं कबूल केलं होतं, ते तिने पाळलं. लहानपणापासूनचं सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांसमोर आलं, म्हणाली. तिने तोंड फिरवलं.

"आई, ताट वाढ."

तिने एवढंच सांगितलं, की त्यावर बाबांनी बोलायचं थांबवलं. आत गेले, पाटावर बसायला गेले तर बसता येईना, म्हणून भिंतीला टेकले. मामीने ताट ठेवलं आणि जन्मात बोलली नव्हती ते सगळं त्या दिवशी बोलली. मामाचा उजवा हात घासापाशी जायचा आणि तिथेच राहायचा. वरणभात मांडीवर सांडला. मग तो आडवा झाला. कोणी जवळ गेलं नाही. मामी ओवीला घेऊन शेजारच्या खोलीत निजली, आणि मीनल दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत जायचं म्हणून बॅग भरून बसली.

उजाडताना ती निघाली. जाताजाता चादर तेवढी घालावी म्हणून वाकली, आणि तिला वास आला. फक्त वार्निशचा.

डॉक्टर म्हणाले, लकवा आहे. म्हणाले, लगेच आणलं असतं तर. ते एवढंच म्हणाले आणि पुढचं त्यांनी चांगुलपणाने गिळलं.

उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. दवाखान्यात स्पिरिटच्या वासाने मीनलला ओकाऱ्या होत, बाहेर जाऊन यायची आणि पुन्हा उशाशी बसायची. बऱ्याच दिवसांनी मामाच्या तोंडून एक शब्द फुटला. "चहा."

मामीला काय आनंद झाला! घरी आणल्यावर तो म्हणायचा चहा, की ती ठेवायची चहा. पण बशी तोंडाशी नेली की मामा मान फिरवायचा. दुसरा शब्द येतच नव्हता. उठता चहा, बसता चहा, आणि दिला की नको. शेजारची मंडळी म्हणायची, डोक्यावर परिणाम झाला. मी भेटायला गेलो तेव्हा मामी रडकुंडीला आली होती. "साखर जादा घालून पाह्यली, आलं घालून पाह्यलं. काय पाह्यजे यायले, मले समजून नाई राह्यलं वो भाऊ!"

मीनल अकोल्याहून त्याच संध्याकाळी आली. मामाने तिला पाहिलं आणि खुर्चीतल्या खुर्चीत डावा हात बाजूला सोडून ताठ व्हायची धडपड केली. "चहा," तो म्हणाला. "चहा? चहा?"

मीनल पांढरीफटक पडली. तिला कळलं. मग मला कळलं. त्याला चहा नको होता.

ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "होय बाबा. चहाच. चहाच होता वो त्या दिवशी. माहं चुकलं." आणि मग मोठ्याने, भिंतीपलीकडे ऐकू जावं इतक्या मोठ्याने, "आई, चहा ठेव!" मामा तिच्याकडे बघत राहिला. पण थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "चहा?" ती पुन्हा म्हणाली. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. त्याची खात्रीच पटत नव्हती. आयुष्यभर त्याने खोटं बोलावं आणि तिने खरं सांगावं अशी वाटणी झालेली; आता ती खरं सांगत होती आणि ते त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हतं. मग रोज संध्याकाळी अकोल्याहून फोन यायचा. मामी फोन मामाच्या कानाशी धरायची आणि मीनल तेच वाक्य म्हणायची. एखाद्या दिवशी तो शांत व्हायचा, एखाद्या दिवशी नाही.

थंडी सुरू होता होता मामाला दुसरा झटका आला आणि तो गेला.

मी पोहोचलो तेव्हा त्याला बैठकीत, दाराकडे पाय करून ठेवलं होतं. अंगावर नवं धोतर, तोंडात तुळशीपत्र. माणसं दाटीवाटीने बसलेली. दुकानातल्या गिऱ्हाइकांपैकीही बरीच जण आली होती. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्या घरात वार्निशचा वास नव्हता; उदबत्तीचा होता. मयताच्या रीतीप्रमाणे मी पाया पडायला वाकलो. उलटं होतं सगळं.

मीनल आली. रडली नाही. गर्दीतून वाट काढत सरळ मामापाशी गेली, उशाशी बसली आणि वाकली. बायकांना वाटलं, मुका घेतेय. त्यांनी हुंदका काढला. मी दोन हातांवर होतो. ती मुका घेत नव्हती. तिने नाक त्याच्या तोंडाशी नेलं आणि सावकाश, मन लावून श्वास घेतला. मग मान वर केली आणि घराच्या आतल्या बाजूला वळून म्हणाली, "आई, चहा ठेव."

कुणीतरी पुटपुटलं, पोरीले भान नाई राह्यलं. कोपऱ्यातून मामी उठली. भिंतीला धरत, माणसांच्या गुडघ्यांवर हात टेकत ती स्वयंपाकघराकडे निघाली, तशी मामाची थोरली बहीण, माझी मावशी, तिच्या मागे धावली. "अवं माय, काय करून राह्यली? मयताच्या घरी चूल पेटवतेत का कोनी?"

मामीने पातेल्यात पाणी घेतलं.

"पोरीनं सांगतलं ना, चहा ठेव म्हून," ती म्हणाली, आणि तिने गॅस पेटवला.